नदी कुठल्या बाजूला वाहते?

खेळ ऐन रंगात आला होता. चौघांची टोळी राजाच्या माणसांना चुकवून नदीकाठी पोचली होती, रात्र पडली होती आणि मागून कुत्र्यांचं भुंकणं जवळ येत होतं. वाटाड्याने तीन ओंडके दोरीने आवळून तराफा केला. वीस बाजूंचा फासा टाकला, अठरा पडले, तराफा तरंगला. मी मनातल्या मनात पुढचा प्रसंग जुळवत होते. तेवढ्यात वाटाड्या खेळणाऱ्या मित्राने नकाशावर बोट ठेवलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "अगं, आपण वाहत जाणार कुठे? इकडे की तिकडे?"

मी नकाशाकडे पाहिलं. नदीच्या एका टोकाला समुद्र होता. दुसऱ्या टोकालाही समुद्रच होता.

चित्र म्हणून ती नदी फार देखणी होती. देशाच्या पोटातून निळ्या शाईने वळणं घेत गेलेली. मी ती एका बैठकीत काढली होती, मनगट सैल सोडून, सही करतात तशी. पण दोन्ही टोकांना समुद्र असलेल्या पाण्याला सामुद्रधुनी म्हणतात, आणि तसं असेल तर माझा देश हा एक देश नसून दोन बेटं आहेत, हे मला कुत्री भुंकत असताना कळलं. "अंधार आहे, प्रवाह दिसत नाहीये," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून न्यायला गेले.

"मग पाण्यात हात घालून बघतो की," तो म्हणाला.

त्या दिवशीचा खेळ मी तिथेच थांबवला.

हे खेळ ज्यांनी खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. रोलप्लेइंग गेममध्ये एकजण गेम मास्टर असतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. समोर काय आहे ते मास्टर सांगतो, आपण काय करतो ते खेळाडू सांगतात, आणि जिथे खात्री नसते तिथे फासे निकाल देतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात आला, तिथून ही सगळी वंशावळ सुरू होते. देश बनवणं हे मास्टरचं काम. बरेचजण तर त्या हौसेपायीच मास्टर होतात, आणि त्यांतले निम्मे नकाशा रंगवता रंगवता खेळ सुरू करायचंच विसरतात. मीही त्यांतलीच. माझ्या देशाचं नाव आडवण. राजांच्या सात पिढ्या तयार होत्या, ध्वज तयार होता, चार भाषांमधले शिव्याशाप तयार होते. उतार मात्र नव्हता. मित्रमंडळी देशाला मुद्दाम 'आठवण' म्हणतात, ते मी सोडून दिलंय.

घरी येऊन मी खोडरबर हातात घेतला. पश्चिमेकडचा चार बोटं भाग खोडला की प्रश्न मिटत होता. डोंगरात उगम, पूर्वेला मुख, शहाण्या नदीसारखी नदी. पण खोडायला गेले आणि हात थबकला. पूर्वेकडच्या भागात याच नदीवरचा दगडी पूल या टोळीने पहिल्याच दिवशी ओलांडला होता. पश्चिमेकडे त्यांना एक नावाडी भेटला होता, त्याने दुप्पट उतराई घेतली होती, आणि चोर खेळणारी मैत्रीण त्याच्यावर अजून डूख धरून होती. कागदावरची रेघ माझी होती, पण तो पूल आणि तो नावाडी आता पाचजणांचे होते. ते परस्पर खोडणं म्हणजे दुसऱ्याच्या वहीत हात घालण्यासारखं होतं.

म्हणून मी उलट्या बाजूने विचार सुरू केला. नदी आहे ती अशीच आहे. मग जमीन कशी असेल?

नकाशे काढणाऱ्या नवख्यांना सगळ्यात आधी सांगतात ते हेच, की नद्या एकमेकींना मिळतात, फुटत नाहीत. पाणी सर्वात खोल जागा शोधतं. समजा दोन वाटा सापडल्याच, तर ज्या वाटेला जरा जास्त उतार आहे तिथे जास्त पाणी जातं, जास्त पाणी तळ जास्त खरवडतं, तळ खोल झाला की आणखी पाणी ओढलं जातं आणि दुसरी वाट हळूहळू कोरडी पडते. तळ्याचंही तसंच. काठ जिथे सर्वात खाली तिथून पाणी सांडतं, सांडताना तोच काठ कापत जातं, म्हणून तळ्याला बाहेर पडायची वाट सहसा एकच असते. मुखाशी, त्रिभुज प्रदेशात, नदी खुशाल फुटते, कारण तिथे जमीन सपाट असते आणि गाळ रोज नवी अडचण आणून टाकतो. बाकी ठिकाणी झाडाच्या फांद्या उलट्या धरल्यासारखं चित्र दिसायला हवं, फांद्या वर आणि खोड समुद्राकडे.

पण निसर्गही अधूनमधून नियम वाकवतो, आणि माझ्यासारख्यांची अब्रू वाचते. दक्षिण अमेरिकेत ऑरिनोको नदीतून कासिकियारे नावाचा एक फाटा निघतो आणि तीनशेहून जास्त किलोमीटर वाहत जाऊन रिओ नेग्रोला, म्हणजे ॲमेझॉनच्या खोऱ्याला मिळतो. दोन प्रचंड नद्या आतल्या अंगाने जोडलेल्या आहेत यावर युरोपातल्या अनेक भूगोलज्ञांचा विश्वास नव्हता. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०० साली नावेत बसून त्यातून गेला आणि खात्री करून आला. अमेरिकेत वायोमिंगमध्ये तर एक लहानसा ओढा जलविभाजकावरच दोन फाट्यांत फुटतो. एका फाट्याचं पाणी शेवटी अटलांटिकला जातं, दुसऱ्याचं पॅसिफिकला.

म्हणजे माझ्या नदीच्या मधोमध असा एक सपाट, बुटका जलविभाजक असू शकत होता. डोंगराचा कणा तिथे खचलेला, चहूबाजूंचे ओढे येऊन साचतात, मैलोन्मैल दलदल, आणि त्या दलदलीतून अर्धं पाणी उगवतीला, अर्धं मावळतीला. केसांचा भांग पाडावा तसं. मी त्या जागेवर लिहिलं: भांग. (या शब्दाच्या दुसऱ्या अर्थावर पुढे अख्खी संध्याकाळ विनोद झाले. ते इथे देत नाही.)

आणि मग जे घडलं ते मला आजही नवल वाटतं. मी काहीच न रचता गोष्टी आपोआप येऊन बसायला लागल्या. इतक्या सपाट जागी पाणी कुठल्या बाजूला जास्त जाईल हे कशावर ठरणार? एखादं आडवं पडलेलं झाड, गाळाचा एक उंचवटा, चार टोपल्या माती. म्हणजे रात्री जाऊन कुणी मातीचा बांध घातला, तर सहा महिन्यांनी शेकडो किलोमीटर दूरच्या बंदरात गलबतं चिखलात रुतणार. मग दोन्ही बंदरं भांगावर पहारा ठेवणारच. पहारा म्हणजे ठाणं, ठाणं म्हणजे शिपाई, शिपाई म्हणजे लाच. पाण्याच्या वाटणीचा तह असणार, तो मोजायला दगडावर खुणा असणार, आणि त्या खुणा वाचणारा कुणीतरी कारकून असणार, ज्याला दोन्हीकडून पैसे मिळतात. माझ्या सात पिढ्यांच्या राजवंशावळीतून इतक्या वर्षांत एक कथानक निघालं नव्हतं. या चार टोपल्या मातीतून पुढची दीड वर्षं निघाली.

पुढच्या वेळी सगळे जमल्यावर वाटाड्याने आठवण करून दिली, "मी पाण्यात हात घातला होता."

"घातलास," मी म्हटलं. "पाणी कोमट आहे. बोटांभोवती शेवाळ गुंडाळलं गेलं. बाकी काही नाही. पाणी हलतच नाहीये."

टेबलावर क्षणभर शांतता. मग चोर हळूच म्हणाली, "आणि कुत्री?"

नदीचा नियम एकदा लागला की तो तिथे थांबत नाही. विरलेल्या कापडाचा एक धागा ओढावा तसं होतं. आता मला विचारावंच लागलं की या दलदलीत एवढं पाणी येतं कुठून. पावसातून. पाऊस कुठून? वाऱ्याबरोबर, समुद्रावरून. मग वारा कुठल्या बाजूने वाहतो? ते मी कधी ठरवलंच नव्हतं. माझ्याकडे उत्तरेला बर्फ होतं, कारण उत्तरेला बर्फ असतं, आणि नैर्ऋत्येला वाळवंट होतं, कारण त्या कोपऱ्यात कागद मोकळा होता.

मी आडवणला मध्यम अक्षांशात बसवलं, तिथे वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून येतो. त्या वाऱ्याला दातरी डोंगररांग आडवी येते. वर चढणारी हवा पसरते, थंड होते. उंचीबरोबर तापमान उतरण्याची हवामानाच्या पुस्तकांत सरासरी धरतात ती दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. थंड हवेत बाष्प मावत नाही, ते पश्चिम उतारावर कोसळतं. पलीकडे उतरणारी हवा कोरडी आणि तापलेली, तिथे पर्जन्यछाया. या हिशेबाने माझं घनदाट, भुताटकीचं अरण्य नेमकं चुकीच्या बाजूला होतं. ते डोंगर ओलांडून पश्चिमेला न्यावं लागलं. तोवर कुणी त्यात पाऊल ठेवलं नव्हतं म्हणून बरं. नाहीतर भुतांनाही कारण द्यावं लागलं असतं.

वाळवंटाबद्दल मात्र मी हट्ट धरला. ते समुद्राला अगदी खेटून होतं, आणि पाण्याच्या कडेला वाळवंट कसं, असं एकाने विचारलंच. पण चिलीतलं अटाकामा आणि आफ्रिकेतलं नामिब, दोन्ही समुद्रकाठचीच आहेत. किनाऱ्याजवळून थंड प्रवाह वाहतो, त्यावरची हवा थंड आणि जड राहते, वर चढत नाही, म्हणून पाऊस पडत नाही. धुकं मात्र उदंड येतं. नामिबमधले काही भुंगेरे पहाटे वाळूच्या टेकडीवर डोकं खाली आणि पार्श्वभाग वर करून उभे राहतात. पाठीवर धुकं साचतं आणि थेंब ओघळत तोंडात येतो. हे वाचल्यावर मी माझा वाळवंटातला मरूद्यानवाला सरदार, त्याचे उंट, त्याची सुंदर बहीण, सगळं बाजूला ठेवलं. करपट नावाच्या त्या वाळवंटात आता लोक आहेत ते धुक्यावर जगणारे. टेकड्यांवर जाळ्या ताणून ठेवतात आणि खाली पन्हळी. पहाटे सगळी वस्ती जागी असते, दुपारी झोपते. त्यांच्या भाषेत 'श्रीमंत' या अर्थाचा शब्द 'ओल्या जाळीचा' असा आहे. हा शब्द मला खूप आवडतो आणि खेळात तो आजवर एकदाच वापरला गेलाय. अशा गोष्टींची खंत मास्टरने बाळगायची नसते.

अंतराचा घोळ याहून मोठा होता, पण लाजिरवाणा असल्यामुळे थोडक्यात सांगते. नकाशावर प्रमाणच नव्हतं. टोळी एका गावाहून दुसऱ्या गावी 'दोन दिवसांत' जायची, कारण मला तेवढंच सुचायचं. पुढे षटकोनी घरांचा कागद घेतला. ही रीत जुनीच. १९७४च्या त्या पहिल्या पुस्तिकांनी मोकळ्या रानातल्या भटकंतीसाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या दुसऱ्याच एका बोर्ड गेमचा षटकोनी घरांचा नकाशा वापरायला सुचवला होता, आणि एक घर म्हणजे पाच मैल धरले होते. चौकोनी घरांत कर्णाच्या दिशेने जाणारा फुकटात जास्त अंतर कापतो, षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. पाठीवर ओझं घेऊन चालणारा माणूस बऱ्या रस्त्याने दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जातो. मी घरं मोजली. आडवण पूर्व-पश्चिम बाराशे किलोमीटर निघाला. म्हणजे चाळीसेक दिवसांची पायपीट, पाऊस आणि डोंगर वगळून. आणि माझ्या राजाचा हुकूम एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आजवर रातोरात पोचत होता.

अमेरिकेत १८६०-६१मध्ये चाललेली पोनी एक्स्प्रेस सुमारे तीन हजार किलोमीटरवर दहाएक दिवसांत टपाल पोचवायची, पण त्यासाठी दर पंधरा-वीस किलोमीटरवर ताजा घोडा उभा लागायचा. तसं माझ्या राजाला जमवायचं तर साठेक ठाणी, त्यांची कुरणं, नालबंद, गवताच्या गंजी. मी ती सगळी काढली. राजरस्ता त्या ठाण्यांच्या माळेने आपोआप उमटला. आणि जिथे ठाणी नाहीत तिथे राजाही नाही, हे न सांगता कळायला लागलं. दातरीच्या उत्तरेला राज्याची सीमा दाखवणारी माझी ठसठशीत लाल रेघ होती, ती मी पुसट केली. तिथल्या लोकांना आपण कुणाच्या राज्यात राहतो हे बहुधा कर मागायला कुणी आलं तरच कळत असणार.

पण अंतराच्या हिशेबातून मला खरी चपराक बसली ती दुसऱ्याच आकड्याने. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज दिसतं ते जेमतेम पाच किलोमीटरवर. शंभर मीटर उंच टेकडीवर चढला तर पस्तीस-छत्तीस. आणि मी काय करत होते? घारीसारखी वरून बघून वर्णनं देत होते. "उत्तरेला दातरीची रांग, पलीकडे अरण्य, डावीकडे तीन दिवसांवर बंदर." खालच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याला समोरचं गवत दिसतं, गवतातून गेलेली पायवाट दिसते, आणि ढग एका बाजूला जास्त साचलेत म्हणून तिकडे डोंगर असावा असा अंदाज बांधता येतो. मी तशी वर्णनं द्यायला लागल्यापासून ही मंडळी टेकडी दिसली की चढायलाच लागली. पूर्वी टेकडी म्हणजे नकाशावरचं उलटं 'व्ही' होतं. आता वर चढून काय दिसतं, यासाठी सगळे खुर्चीच्या टोकाशी येतात.

नावांचं काम सोपं वाटतं आणि तिथेच सगळ्यांची फसगत होते. माझ्या नकाशावर सुरुवातीला 'काळमृत्यू शिखर' आणि 'रक्तपात खिंड' अशी नावं होती. खिंडीतून रोज मेंढ्या नेणारा माणूस तिला रक्तपात म्हणेल का? तो तिला 'वरची' म्हणेल. इंग्लंडात एव्हन नावाच्या बऱ्याच नद्या आहेत, आणि तो शब्द जुन्या केल्टिक भाषेत 'नदी' याच अर्थाचा. कुणीतरी विचारलं असणार हे काय, कुणीतरी सांगितलं असणार नदी, आणि झालं नाव. एकच नदी तिबेटात यारलुंग त्सांगपो, अरुणाचलात सियांग, आसामात ब्रह्मपुत्र, बांगलादेशात जमुना होते. तेव्हापासून भांगाच्या पूर्वेला माझी नदी सरवी आहे, पश्चिमेला कोळवी, आणि दलदलीत राहणारे तिला नुसतं 'ते' म्हणतात.

आता खेळाडूंच्या हातात कुठला नकाशा द्यायचा, हा प्रश्न उरला होता. माझा द्यायचा नाही, एवढं ठरलं होतं. मग आडवणमध्येच कुणीतरी काढलेला एक जुना नकाशा मी त्यांना एका पडक्या ठाण्यात सापडू दिला. त्यात दातरीच्या दक्षिणेला आणखी एक डोंगररांग आहे. ती प्रत्यक्षात नाही.

ही कल्पना माझी नव्हे, इतिहासाची. जेम्स रेनेल या नामांकित नकाशाकाराने १७९८ साली पश्चिम आफ्रिकेच्या नकाशावर काँगचे पर्वत काढले. प्रवाशांच्या वृत्तांतांवरून नायजर नदीचा मार्ग जुळवताना त्याला तिथे डोंगर असणं सोयीचं वाटलं होतं. मग पुढच्या नकाशाकारांनी त्याचं बघून काढले, त्यांचं बघून आणखी कुणी. जवळपास शंभर वर्षं ती रांग छापली जात राहिली, कुणी तिला लांब केलं, कुणी उंच. लुई-गुस्ताव बिंजे १८८०च्या दशकाच्या शेवटी त्या मुलखातून हिंडून आला आणि त्याने सांगितलं की तिथे अशी रांग नाही. नदीसाठी डोंगर रचणारा रेनेल मला फार जवळचा वाटतो. मीही दुसरं काय केलं होतं? फक्त माझ्या डोंगराला खोटं ठरवायला कुणी येणार नव्हतं.

म्हणून आमच्यात कुणीतरी येऊ द्यायचं ठरवलं. टोळी त्या खोट्या डोंगराच्या शोधात अकरा दिवस दक्षिणेला चालली. रोज संध्याकाळी वाटाड्या विचारायचा, "डोंगर दिसतोय?" आणि मी म्हणायचे, "गवत दिसतंय." अकराव्या दिवशी त्यांनी तो नकाशा शेकोटीत टाकावा की काय यावर अर्धा तास वाद घातला, आणि अखेर स्वतःचा काढायला घेतला.

तो त्यांचा नकाशा मला मागच्या आठवड्यात बघायला मिळाला. चोराच्या पात्राची माहिती लिहिलेल्या कागदाच्या मागे, बॉलपेनने काढलेला. प्रमाण वगैरे काही नाही. राजधानी, जिथे ते एक दिवस राहिले, सुपारीएवढी आहे. भांगाची दलदल मात्र माझ्या नकाशावर आहे त्याच्या तिप्पट, कारण तिथे त्यांचे चार खेळ गेले, दोन तलवारी गंजल्या आणि एकाला ताप चढला होता. नावाड्याचा धक्का मुद्दाम काट मारून दाखवलाय. धुक्याच्या लोकांच्या वस्तीवर वाटाड्याने एक नीट जाळी काढलीय, तिच्याखाली थेंब. आणि दलदलीच्या मधोमध, जिथे माझ्या नकाशावर काहीच नाही, तिथे एक बारीक फुली आणि शेजारी तिरक्या अक्षरात: 'इथे खेचर गेलं.'

माझ्या मोठ्या नकाशावर ती जागा शोधायला वेळ लागला. दोन्ही नकाशांचं काही केल्या जुळत नव्हतं. शेवटी ठाण्यापासून घरं मोजत गेले, सातव्या घरात अंदाजाने फुली मारली आणि शाईच्या पेनने लिहिलं, इथे खेचर गेलं.